मात्फी आणि मशीनची नवी कंबर

मात्फी माझा आतेभाऊ, त्यामुळे त्याची टर उडवणं हे माझं कामच आहे. आमच्याकडे चुलत आणि मावस भावंडं सख्ख्यांसारखी, त्यांच्याशी जपून बोलायचं. आते-मामे भावंडांना मात्र सोडायचं नाही. कुणी चुकलं की चारचौघांत त्याला हसायचं, आणि ज्याला हसलं त्याने रागवायचं नाही. रागावला तर तो कच्चा. माझा थोरला भाऊ याको या कामात इतका तयार आहे की मात्फीला वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत एकही चूक गुपचूप करता आलेली नाही. मीही हे सगळं त्याच हक्काने सांगते आहे. मध्येच माझ्या तोंडून त्याच्याबद्दल बरं काही निघालं तर तो वयाचा परिणाम समजा.

मात्फी गावाच्या धावपट्टीवरचा बर्फ काढतो. तो पगारी धंदा. बिनपगारी धंदा म्हणजे गावातली स्नोमशीनं, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाड्या, दुरुस्त करणं. कुस्कोक्विम नदीच्या काठच्या आमच्या गावाला रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात मशीन. ज्याचं मशीन बंद पडलं त्याने सरळ मात्फीच्या घरामागे जायचं. तिथे अकरा मेलेली मशीनं बर्फात माना खुपसून उभी असतात. कुणाचा चाकांच्या जागचा रबरी पट्टा, कुणाची स्की, कुणाचा कार्बोरेटर, जे लागेल ते तो काढून देतो, आणि बसवूनही देतो. माझ्या मशीनमध्ये आज चार मेलेल्या मशीनचे अवयव आहेत. थंडीत सुरू करताना ते चारही वेगवेगळ्या आवाजात कुरकुरतात.

लग्न केलं नाही त्याने. आईजवळ राहतो. आणि बोलत नाही. ‘हो’ म्हणायचं असेल तर भुवया वर करतो, ‘नाही’ म्हणायचं असेल तर नाक आक्रसतो. हे आम्ही सगळेच करतो, पण बाकीचे लोक अधूनमधून तोंडही उघडतात. एकदा डॉक्टरने त्याला दूर शहरातून फोनवर विचारलं, छातीत दुखतं का? हा पठ्ठ्या फोन कानाला लावून भुवया उडवतो आहे आणि डॉक्टर पलीकडून हॅलो हॅलो करतो आहे. शेवटी मीच फोन हिसकून घेतला आणि म्हटलं, डॉक्टर, ते हो म्हणतायत.

तर त्याची आई, म्हणजे माझी आत्या. वय अठ्ठ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याला, आणि गावात तिच्याइतका चांगला गळ टाकणारी बाई नाही. एप्रिलमध्ये दिवस मोठे झाले की बारा मैलांवरच्या मोठ्या तळ्यावर जायचं, बर्फाला भोक पाडायचं, हातभर काठीला बांधलेला गळ वरखाली नाचवत बसायचं आणि पाइक मासे ओढायचे, हे ती सात वर्षांची असल्यापासून करत आली. संध्याकाळी परत आली की घरोघर मासे वाटायची. आधी म्हातारी माणसं, मग ज्यांच्या घरी शिकारी नाही ती घरं, मग आम्ही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या पाठीचा मणका दबला. चालता येतं, बसता येतं, धक्का मात्र चालत नाही. आणि आमची वाट म्हणजे नुसता धक्काच. वारा बर्फाचे असे कडक वरंबे करून ठेवतो की मशीनवरून उतरल्यावर दात मोजून घ्यावे लागतात. मात्फीचं मशीन इंजिनाला वाघ, पण मागून दगड. मागे ओढायच्या लाकडी घसरगाडीला तर स्प्रिंगच नसते. दोन वसंत आत्या खिडकीत बसून राहिली. लोक तिला मासे आणून द्यायचे. ती घ्यायची, चहा पाजायची, आणि लोक गेले की त्या माशांकडे पाहत बसायची.

या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिने पहिल्यांदा ते बोलून दाखवलं. मासे साफ करता करता, वर न बघता म्हणाली, “ओलिंका, दोन वर्षं मी नुसती घेते आहे गं. घेणारी बाई म्हणून मरायचं नाही मला.”

मात्फी चुलीजवळ बसून सुकवलेला सामन मासा सीलच्या तेलात बुडवून खात होता. त्याने खाणं थांबवलं. हात पुसले, टोपी घातली आणि बाहेर गेला. ही त्याची लांबलचक चर्चा.

त्याच्या अकरा मेलेल्यांमध्ये एक लांब मशीन होतं. बदली होऊन गेलेल्या एका मास्तरांनी टाकून दिलेलं, दोन माणसांना बसायचं, इंजिनाला तडा गेलेलं. पण त्याचं मागचं सस्पेन्शन म्हणजे लोण्याचा गोळा. लांब पट्टा, मऊ स्प्रिंगा, चांगले शॉकअप. मात्फीने ठरवलं, हे सस्पेन्शन काढायचं आणि आपल्या मशीनला बसवायचं. याकोने लगेच गावभर सांगितलं, मात्फी मशीनची कंबर बदलतोय, कुणाला आपली बदलून हवी असेल तर नंबर लावा.

गंमत करायची म्हणून केली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन याकोच तिथे सगळ्यात आधी हजर होता. आत्या त्याचीही आत्याच. मीही उलट्या बादलीवर बसून चहा पीत होते, देखरेख करत होते. देखरेख कुणी तरी करायला हवी.

काम दिसायला सोपं. पट्ट्याच्या वरून जो पत्रा जातो त्याला दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं असतात. त्यात चार बोल्ट, आणि त्या चार बोल्टांवर सगळं सस्पेन्शन लटकतं. पण लांब सस्पेन्शनला जुनी भोकं जुळत नाहीत. नवी पाडावी लागतात, आणि डावी-उजवी अगदी समोरासमोर यावी लागतात. नाही तर पट्टा तिरका पळतो. पट्टा लांब म्हणून पत्राही मागे वाढवावा लागला. तो त्यांनी एका फुटक्या ॲल्युमिनियमच्या होडीतून कापला.

आता मापाचं. मात्फी टेप वापरत नाही. त्याचा बाप कयाक, म्हणजे एका माणसाची अरुंद होडी, बांधायचा, आणि कयाक अंगाने मोजतात. ज्याची कयाक त्याचे हात, त्याची वीत, त्याची मूठ. मात्फीने मास्तरांच्या मशीनवर माप घेतलं, पट्टा फिरवणाऱ्या दांड्यापासून एक मूठ आणि दोन बोटं. आपल्या मशीनच्या उजव्या बाजूला तेवढंच मोजून भोक पाडलं आणि पलीकडे बसलेल्या याकोला ओरडून सांगितलं, “एक मूठ, दोन बोटं.” दिवसभरातलं त्याचं हे एवढंच बोलणं. याकोच्या खिशात टेप होती. पण मात्फीच्या अंगणात टेप काढायची म्हणजे मात्फीच्या मेलेल्या बापाला नावं ठेवण्यासारखं.

पलीकडून याकोने विचारलं, “माझ्याच मुठीने मोजू ना?”

मात्फीने नाक आक्रसलं.

मी ते नाक पाहिलं. समोरच तर बसले होते. याकोला मात्र मध्ये मशीन असल्यामुळे काही दिसलं नाही. त्याने थोडं थांबून पाहिलं. उत्तर आलं नाही, आणि मात्फीकडून उत्तर न येणं हे तर रोजचंच, म्हणून त्याने ड्रिल चालू केलं. मी म्हणणार होते. पण तोंडात बिस्किट होतं, चहा गरम होता, आणि ड्रिलचा आवाज सुरू झाल्यावर वाटलं, असेल, यांचं यांना कळतं. खरं सांगायचं तर मी आळस केला.

मात्फीचा हात म्हणजे फावडं. याकोचा हात बायकी, शिवणकामाला चांगला.

बोल्ट आत जाताना कुरकुरले. याको म्हणाला, नवी कंबर आहे, कुरकुरणारच. पहार लावून दोघांनी सगळं ताणून बसवलं. मात्फीने स्वयंपाकघरातल्या मोडक्या खुर्चीची पाठ कापून आईसाठी मागे टेकायला लावली आणि तिच्या जागी पिठाची दोन पोती बांधली, वजनाचा अंदाज यावा म्हणून. याकोने त्या पोत्यांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, “आत्या, तब्येत सुधारली गं तुझी?” आत्या खिडकीतून हसत होती.

मग मात्फी मशीन घेऊन धावपट्टीवर गेला. मशीन उजवीकडे वळलं. त्याने हँडल डावीकडे ओढलं, ते उजवीकडेच गेलं. तो सरळ जायला बघत होता आणि मशीन त्याला गोल फिरवून परत घरी आणत होतं. रबर जळल्याचा वास सुटला. पट्ट्याची एक कड खरवडून निघाली होती.

संध्याकाळी वायरलेसवर याकोचा आवाज आला. आमच्याकडे प्रत्येक घरात वायरलेसचा डबा चोवीस तास चालू असतो. कुणाला मीठ हवं, कुणाचं पोर अजून घरी आलं नाही, सगळं त्यावरच. याकोने गंभीर आवाजात घोषणा केली, “ज्यांना फक्त उजवीकडे जायचं असेल त्यांनी मात्फीला भेटावं.” गाव पोट धरून हसलं. दुसऱ्या दिवशी वाफेच्या न्हाणीतही पुरुषांचा तोच विषय. मात्फीही हसला म्हणे, नियमाप्रमाणे. पण घरी येऊन त्याने मशीनवर ताडपत्री टाकली आणि दोरीने बांधून टाकली.

तीन दिवस झाले. मात्फी धावपट्टीवर जायचा, यायचा, ताडपत्रीकडे बघायचा नाही. एप्रिल अर्धा सरला होता. दुपारी छपरावरून पाणी ठिबकायला लागलं होतं. अजून फार तर आठ-दहा दिवस, मग तळ्याच्या वाटेवर पाणी चढणार आणि या वर्षाचा विषय संपणार. आत्याने आपली गळाची काठी खाली काढून ठेवली होती, ती परत वर ठेवून दिली. ते मी पाहिलं आणि मला बिस्किट आठवलं.

मी मात्फीकडे गेले. विचारलं, भोक कुणाचं चुकलं तुला माहीत आहे? भुवया वर. मग याकोला सांगितलंस का नाही? नाक आक्रसलं. सगळं गाव तुला हसतंय आणि तू गप्प बसतोस? यावर तो चक्क बोलला.

“आईसाठी आला होता तो,” म्हणाला. “सांगितलं तर त्याला कळेल ना, की त्याच्यामुळे राहिलं.”

आता या माणसाला काय म्हणायचं? मला इतका राग आला आणि इतकं भरून आलं की मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. दुरुस्त का करत नाहीस, तर म्हणे नवं भोक जुन्याला अगदी खेटून येतं, पत्रा फाटेल, आणि आई मागे बसलेली असताना पत्रा फाटला तर. जाड पट्टी लावायला हवी, पण फुटक्या होडीचा पत्रा पातळ. चांगला जाड पत्रा गावात शिल्लक नव्हता.

मी सरळ आत्याकडे गेले आणि सगळं ओकले. नाक, बिस्किट, मूठ, सगळं. आत्या आधी हसली. एवढी हसली की पाठ धरून बसावं लागलं. मग डोळे पुसून तिने वायरलेसचा माइक उचलला. “याको, जेवायला ये,” एवढंच म्हणाली.

जेवण झालं, चहा झाला. आत्याने टेबल पुसलं आणि मुलाला म्हणाली, “हात ठेव इथे. मूठ मिटून.” मात्फीने ठेवली. मग याकोला म्हणाली, “तूही ठेव. त्याच्या शेजारी.”

याकोने हसत हसत मूठ ठेवली. मग त्या दोन मुठींकडे पाहिलं. त्याचं हसू हळूहळू गेलं.

आत्याने आपली सुरकुतलेली मूठ त्या दोघांच्या मध्ये ठेवली. “तुझ्या बापाने माझ्या भावाला कयाक करून दिली,” ती मात्फीला म्हणाली, “तेव्हा माझ्या भावाला बोलावून त्याच्या हाताने मोजली. स्वतःच्या नाही. या मशीनवर बसायचं कुणाला आहे?”

याको उठला आणि निघून गेला. मला वाटलं, लाजला, आता महिनाभर दिसत नाही. पंधरा मिनिटांनी तो परत आला तेव्हा त्याच्या काखेत एक जाड ॲल्युमिनियमची फळी होती. ती मी ओळखली. त्याच्या होडीतली बसायची फळी. सामनचा हंगाम दीड महिन्यावर आला होता. मी म्हटलं, अरे, उन्हाळ्यात बसशील कशावर? तर म्हणाला, “उभा राहीन. पापी माणसाने उभंच राहावं.”

ताडपत्री सुटली. आत्याला अंगणात आणून मशीनजवळ स्टुलावर बसवलं. आधी उजव्या बाजूच्या बरोबर भोकापर्यंत तिच्या हाताने माप घेतलं. एक मूठ, तीन बोटं आणि नखभर. मग स्टूल उचलून डाव्या बाजूला. गार पत्र्यावर तिची तीच मूठ, तीच तीन बोटं, तेवढंच नख. याको तिचं मनगट धरून होता आणि मात्फी खूण करत होता. मी या वेळी हातात बिस्किट घेतलं नव्हतं. डावीकडचं दुसरं भोकही तसंच. याकोच्या फळीची पट्टी कापून आतून-बाहेरून बसवली, रिव्हेट ठोकले. बोल्ट या खेपेला न कुरकुरता गेले. पट्ट्याची खरवडलेली कड मात्फीने कापून साफ केली. स्प्रिंगा एकेक खाच सैल करत त्याने आईला दहा वेळा सीटवर बसवलं आणि उठवलं, शेवटी ती म्हणाली, बाबा रे, तळ्यावर पोचायच्या आधीच थकवशील मला.

त्या संध्याकाळी वायरलेसवर याकोची दुसरी घोषणा झाली. “मात्फीचं मशीन आता डावीकडेही वळतं. आधी वळत नव्हतं, कारण माझा हात लहान आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आजच हसून घ्यावं.” गावाने संधी साधली. अजून साधतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाट कडक असताना आम्ही निघालो. पुढे मात्फी आणि त्याच्या मागे खुर्चीच्या पाठीला टेकून आत्या. मागच्या मशीनवर याको आणि मी. आमचं मशीन वरंब्यांवरून आपटत होतं, माझी जीभ दोनदा चावली गेली. पुढे बघावं तर आत्या होडीत बसल्यासारखी. मशीन वर चढायचं, खाली उतरायचं, आणि तिचं डोकं हलायचंसुद्धा नाही. मी याकोच्या कानात ओरडले की आपलीही कंबर बदलून घे. तो ओरडून म्हणाला, हात कुणाचा आणू?

तळ्यावर आत्याने मात्फीला जागा दाखवली. इथे नाही, दोन पावलं पलीकडे. भोक पडलं, ती बादलीवर बसली, काठी नाचवायला लागली. त्यानंतर तिने आमच्याशी बोलणं बंद केलं. संध्याकाळपर्यंत तिने एकटीने एकतीस पाइक काढले. आम्ही तिघांनी मिळून नऊ. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि दर माशामागे ती एकेका घराचं नाव पुटपुटत होती.

परतताना निम्म्या वाटेवर मला दिसलं की तिचं डोकं पुढे झुकून मुलाच्या पाठीला टेकलं आहे. मी घाबरले. याकोने मशीन पुढे काढून शेजारी नेलं. आत्या झोपली होती. तोंड थोडं उघडं, गाढ. जिला दोन वर्षं एक धक्का सोसवत नव्हता ती त्या वाटेवर झोपली होती. मात्फीने आमच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याने असेल असं मी याकोला सांगितलं. याको म्हणाला, वारा मागून आहे.

गाव आलं. घर आलं. मात्फी थांबला नाही. इंजिन बंद केलं तर ती उठेल, म्हणून तो घरावरून पुढे गेला, धावपट्टीला वळसा घातला, शाळेमागून परत आला आणि पुन्हा पुढे गेला. लोक दारात यायला लागले. दुसरी फेरी झाली. तिसरी. कुणी हाक मारली नाही, पोरांनाही आयांनी गप्प केलं. सगळं गाव दारात उभं राहून एका म्हातारीला झोपलेली बघत होतं. चौथ्या फेरीला चर्चच्या उतारावर मशीनने आचके दिले आणि पेट्रोल संपलं.

आत्या जागी झाली. तिने समोरचं घर पाहिलं. तिथे तिच्याहून म्हातारी एक बाई राहते. आत्याला वाटलं, मुलाने बरोबर क्रमाने पहिल्या घरापाशी थांबवलं. तिने खुशीत त्याचा खांदा थोपटला आणि गोणीतून मासा काढला.

मग दुसरं घर. मशीनमध्ये पेट्रोल नव्हतं हे तिला कुणी सांगितलं नाही. मात्फीने एका बाजूने खांदा लावला, याकोने दुसऱ्या बाजूने, पुढे आणखी चौघे आले, आणि ते सगळे तिला मशीनसकट ढकलत घरोघर घेऊन गेले. ती वर बसून मासे वाटत होती आणि सांगत होती की हे मशीन फार छान आहे, आवाजसुद्धा करत नाही.

शेवटी तिच्या दाराशी आलो तेव्हा गोणी रिकामी होती. आमचे नऊसुद्धा तिने वाटून टाकले होते. मात्फीने गोणी उलटी करून झटकली आणि आईकडे पाहिलं.

“चहा आहे, बिस्किटं आहेत,” आत्या म्हणाली. “पाच घरं राहिली. सकाळी लवकर निघू.”

ती आत गेली. मात्फी गेला नाही. तसाच उभ्या उभ्या रिकामा डबा उचलून पेट्रोल आणायला निघाला.